ग्राफिक्स वर्कस्टेशन बदलताना : हजिऱ्याच्या निमित्ताने

सुरतेजवळ तापी नदी जिथे खंबातच्या आखाताला मिळते, तिथे हजीरा ही उद्योगनगरी वसली आहे. वसईच्या समुद्रातून येणाऱ्या नैसर्गिक वायूवर प्रक्रिया करणारा ओएनजीसीचा प्रकल्प, ‘कृभको’चा खत कारखाना, पोलाद आणि पेट्रोरसायनांचे मोठे कारखाने या एकाच पट्ट्यात आहेत. हजीरा-विजयपूर-जगदीशपूर ही उत्तर भारताला वायू पुरवणारी वाहिनी येथूनच सुरू होते. या साऱ्यांच्या शेजारी लार्सन अँड टुब्रोचे अवजड अभियांत्रिकी संकुल असून तेथे तेलशुद्धीकरण, खतनिर्मिती आणि अणुऊर्जा प्रकल्पांसाठी लागणारी प्रचंड दाबपात्रे, म्हणजेच प्रेशर व्हेसल, तयार होतात.

फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या ‘आयटर’ या आंतरराष्ट्रीय अणुसंमीलन प्रकल्पाचे क्रायोस्टॅट याच संकुलाने घडवले. सुमारे ३० मीटर उंच, तितकेच रुंद आणि ३,८५० टन वजनाचे हे निर्वात पात्र स्टेनलेस स्टीलचे आहे. त्याचे सुटे भाग हजिऱ्यात तयार होऊन समुद्रमार्गे फ्रान्सला गेले आणि तेथे जोडले गेले. कंत्राट २०१२ मध्ये देण्यात आले. झाकणाचे अखेरचे भाग ३० जून २०२० रोजी रवाना झाले. एका वस्तूच्या घडणीला आठ वर्षे लागली आणि तिच्याकडून अपेक्षित सेवा तर दशकांच्या हिशेबात मोजायची आहे.

अशा वस्तूचा आराखडा ज्या संगणकावर रेखला जातो, त्याचे उपयुक्त आयुष्य मात्र साधारण चार ते सहा वर्षांचे असते. म्हणजे एकाच प्रकल्पाच्या काळात यंत्र किमान एकदा बदलावे लागते. दाबपात्राच्या आयुष्यात तर सहा-सात वेळा. त्यामुळे तांत्रिक कामाचे वर्कस्टेशन बदलणे म्हणजे कचेरीतील जुने यंत्र काढून नवे बसवणे नव्हे. जुन्या यंत्रावर ज्या उत्तरावर विश्वास ठेवला, तेच उत्तर नव्या यंत्रावरही मिळते की नाही, आणि वीस वर्षांनी ते पुन्हा तपासता येईल की नाही, हा या बदलातील खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न गोव्यालाही परका नाही. वास्कोची गोवा शिपयार्ड, दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, वास्कोतीलच राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र, फर्मागुडीचे गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय अशा संस्थांच्या कामाच्या स्वरूपाकडे पाहिले, तर जहाजाचा सांगाडा असो वा सागरी प्रवाहाचे प्रारूप, आकडेमोड आणि चित्र यांची सांगड येथेही अटळ आहे.

एका घराण्याचा अस्त

ग्राफिक्स वर्कस्टेशन ही संकल्पना १९८०च्या दशकात रुजली. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या सन मायक्रोसिस्टिम्स आणि त्याच सुमाराच्या सिलिकॉन ग्राफिक्स या कंपन्यांनी अभियंते व शास्त्रज्ञ यांच्या टेबलावर त्रिमितीय चित्रे आणि भक्कम गणनशक्ती आणून ठेवली. सिलिकॉन ग्राफिक्सची यंत्रे ‘ज्युरासिक पार्क’मधील डायनोसॉरमुळे सर्वसामान्यांच्याही कानावर गेली. त्यांचा प्रोसेसर वेगळा, त्यांची आयरिक्स ही कार्यप्रणाली वेगळी आणि सुरुवातीची चित्रांची भाषाही त्यांचीच होती.

वैयक्तिक संगणकांचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डे झपाट्याने सुधारत गेली, तसा या महागड्या यंत्रांचा आधार सुटला. सिलिकॉन ग्राफिक्सने आयरिक्स यंत्रांचे उत्पादन २००६च्या अखेरीस थांबवले आणि २०१३च्या अखेरीस त्यांचे तांत्रिक साहाय्यही संपले. ज्यांचे वर्षानुवर्षांचे काम या यंत्रांवर होते, त्यांच्यापुढे दोन अडचणी उभ्या राहिल्या. पहिली आज्ञावलींची. १९९२ मध्ये खुल्या झालेल्या ओपनजीएल या पद्धतीने लिहिलेल्या आज्ञावली दुसऱ्या यंत्रांवर हलवता आल्या. जुन्या, केवळ त्या कंपनीच्या भाषेत लिहिलेल्या अडकून पडल्या. दुसरी अडचण माहितीची. ही यंत्रे एका संख्येतील बाइट ज्या क्रमाने साठवत, त्याच्या उलट क्रमाने इंटेलची यंत्रे साठवतात. परिणामी जुनी द्विमान फाइल नव्या यंत्रावर तशीच उघडली, तर संख्यांऐवजी निरर्थक आकडे दिसत.

या इतिहासातून आजच्या खरेदीदाराला एक नियम मिळतो. यंत्र कोणाचेही असो, त्यातील माहिती मात्र खुल्या व सर्वमान्य स्वरूपातही साठवलेली असावी. त्रिमितीय आराखड्यांसाठी ‘स्टेप’, वैज्ञानिक आकडेवारीसाठी ‘नेटसीडीएफ’ आणि ‘एचडीएफ’ अशी स्वरूपे यासाठीच आहेत.

बदलाची वेळ कशी ओळखावी

यंत्र जुने झाले म्हणून ते बदलावेच असे नाही. बदलाची तीन सबळ कारणे असतात. पहिले, सुरक्षेचे. विंडोज १०चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. जी यंत्रे पुढील आवृत्ती पेलू शकत नाहीत, ती जाळ्यावर उघडी ठेवणे धोक्याचे आहे. दुसरे, वापरातील सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीला जुने ग्राफिक्स कार्ड चालत नाही. तिसरे, कामाचा आकारच वाढला आहे आणि मेमरी अपुरी पडल्याने गणना तासन् तास डिस्कवर घुटमळते आहे.

तिसऱ्या कारणात निदान महत्त्वाचे ठरते. पंधरा दिवस यंत्रावर लक्ष ठेवून प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि ग्राफिक्स कार्ड यांचा प्रत्यक्ष वापर नोंदवला, तर अडथळा नेमका कुठे आहे ते कळते. अनेकदा मेमरी दुप्पट केल्याने किंवा जलद डिस्क बसवल्याने दोन वर्षे निभावतात आणि संपूर्ण यंत्राचा खर्च पुढे ढकलता येतो.

आधी काम, मग यंत्र

तांत्रिक कचेरीत एकाच छताखाली तीन वेगवेगळी कामे चालतात. पहिले आरेखन, म्हणजे त्रिमितीय आराखडा तयार करणे. दुसरे विश्लेषण, म्हणजे त्या आराखड्यावर दाब, उष्णता, कंपन यांचा परिणाम गणिताने काढणे. तिसरे दृश्यांकन, म्हणजे आलेल्या कोट्यवधी आकड्यांचे डोळ्यांना कळेल असे चित्र करणे. तिन्ही कामांना एकच यंत्र घेतले, तर एकासाठी ते अपुरे आणि दुसऱ्यासाठी वायफळ खर्चाचे ठरते.

आरेखनात बहुतेक क्रिया एकामागून एक होतात. त्यामुळे तेथे अनेक कोअरपेक्षा एका कोअरचा वेग निर्णायक असतो. विश्लेषणाचे तसे नाही. ‘फायनाईट एलिमेंट’ पद्धतीत वस्तूचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येकाची समीकरणे मांडतात आणि लाखो समीकरणे एकत्र सोडवतात. येथे अनेक कोअर उपयोगी पडतात, पण एका मर्यादेपर्यंतच. ही मर्यादा जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये दाखवून दिली. एखाद्या कामाचा ५ टक्के भाग जरी क्रमानेच करावा लागत असेल, तर १६ कोअरवर ते सुमारे ९ पट आणि ६४ कोअरवर सुमारे १५ पट वेगाने होते. कोअर चौपट झाले, वेग मात्र दुपटीलाही पोहोचला नाही. त्यातच अनेक सॉफ्टवेअरचा परवाना कोअरच्या संख्येवर आकारला जातो. म्हणून यंत्राच्या किमतीसोबत परवान्याचा खर्च मांडल्याशिवाय कोअरची संख्या ठरवू नये.

मेमरी : किती, कोणती आणि कशी

एक लाख समीकरणांचा पूर्ण तक्ता साठवायचा म्हटले, तर प्रत्येक संख्येला ८ बाइट धरून ८० जीबी जागा लागेल. प्रत्यक्षात त्यातील बहुसंख्य जागी शून्य असते आणि शून्ये साठवावी लागत नाहीत. म्हणूनच हे काम टेबलावरील यंत्रात मावते. मात्र समीकरणे सोडवताना पूर्वी शून्य असलेल्या अनेक जागा भरत जातात आणि मेमरीची मागणी फुगते. गेल्या वर्षभरातील सर्वांत मोठ्या कामाने घेतलेली कमाल मेमरी शोधून त्याच्या दुपटीची तरतूद करणे, हा व्यवहार्य अंदाज आहे.

मेमरी किती याइतकेच ती किती वाटांनी प्रोसेसरला जोडलेली आहे, हेही महत्त्वाचे. डीडीआर५-४८०० प्रकारच्या मेमरीची एक वाहिनी सेकंदाला ३८.४ जीबी माहिती नेते. साध्या संगणकात अशा दोन वाहिन्या असतात. मोठ्या वर्कस्टेशनच्या प्रोसेसरला आठपर्यंत असतात. समीकरणे सोडवण्याच्या कामात प्रोसेसर बराच काळ माहितीची वाट पाहत बसतो. त्यामुळे आठ वाहिन्यांच्या यंत्रात दोनच मोठ्या पट्ट्या बसवून उरलेल्या जागा रिकाम्या ठेवणे म्हणजे आठपदरी रस्त्याचे सहा पदर बंद ठेवणे होय. मागणीपत्रात केवळ ‘२५६ जीबी’ असे न लिहिता, सर्व वाहिन्या सारख्या भरलेल्या असाव्यात, अशी अट घालावी.

तिसरी गोष्ट त्रुटिसुधारणेची. विद्युत व्यत्ययाने किंवा अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे मेमरीतील एखादा बिट क्वचित उलटतो. ईसीसी प्रकारची मेमरी ६४ बिटांसोबत सामान्यतः ८ तपासणी बिट ठेवते. एक बिट चुकला तर ती दुरुस्त करते आणि दोन चुकले तर इशारा देते. पत्रलेखनाच्या यंत्रात याची उणीव कोणाला जाणवणार नाही. वीस तास चालणाऱ्या आणि दाबपात्राची जाडी ठरवणाऱ्या गणनेत मात्र ही काटकसर करू नये.

ग्राफिक्स कार्डाची पारख

खेळांसाठीची कार्डे आणि व्यावसायिक कार्डे यांच्या किमतीत मोठी तफावत असते. अनेकदा दोहोंतील चिप एकाच घराण्यातील असते. व्यावसायिक कार्डाबरोबर येतात त्या तीन गोष्टी : अधिक मेमरी, सॉफ्टवेअर कंपन्यांनी तपासून प्रमाणित केलेले ड्रायव्हर आणि दीर्घकाळ मिळणारे साहाय्य. प्रमाणित नसलेल्या कार्डावर आराखडा चालतोही. पण चित्रात कडा गळाल्या किंवा प्रणाली अचानक बंद पडली, तर सॉफ्टवेअर कंपनी तक्रार ऐकण्यापूर्वीच कार्डाचे नाव विचारते. त्यामुळे खरेदीपूर्वी वापरातील आवृत्तीसाठीची प्रमाणित कार्डांची यादी पाहणे ही पहिली पायरी आहे.

कार्डावरील मेमरीचा हिशेब दृश्यांकनावरून करावा. प्रत्येक बाजूस १,००० बिंदू असलेला घन घेतला, तर एकूण १०० कोटी बिंदू होतात. प्रत्येकाला ४ बाइट धरले, तर ४ जीबी लागतात. तपशील वाढवण्यासाठी प्रत्येक बाजूचे बिंदू दुप्पट केले, की मागणी आठपट, म्हणजे ३२ जीबी होते. वेल्डिंगच्या जोडाची त्रिमितीय क्ष-किरण प्रतिमा असो की समुद्राच्या तापमानाचे प्रारूप, हे गणित बदलत नाही.

सर्वाधिक गैरसमज आहे तो कार्डाच्या गणनशक्तीविषयी. जाहिरातीत दिसणारा प्रचंड आकडा बहुधा एकेरी किंवा त्याहून कमी अचूकतेचा असतो. एकेरी अचूकतेत सुमारे ७ दशांश अंक विश्वासार्ह असतात, दुहेरी अचूकतेत १५ ते १६. संरचनांच्या विश्लेषणाला सामान्यतः दुहेरी अचूकता लागते. एनव्हिडियाच्या एडा पिढीतील खेळांची कार्डे दुहेरी अचूकतेची गणना एकेरीच्या केवळ चौसष्टाव्या भागाच्या वेगाने करतात आणि त्याच पिढीतील व्यावसायिक चित्र-कार्डांचीही स्थिती तीच आहे. माहिती केंद्रांसाठी बनवलेल्या ए१०० कार्डात मात्र हे प्रमाण निम्मे आहे. म्हणजे महाग कार्ड घेतले की विश्लेषण जलद होईल, ही समजूत या कामात चुकीची ठरते. आपले सॉफ्टवेअर कार्डावर नेमका कोणता भाग चालवते आणि कोणत्या अचूकतेने, हे आधी तपासावे.

उत्तर जुळते का?

यंत्र जलद असणे आणि उत्तर बरोबर असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. २३ ऑगस्ट १९९१ रोजी नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ स्लाइपनर-ए या तेलमंचाचा काँक्रीटचा पाया चाचणीदरम्यान फुटून बुडाला. नुकसान सुमारे ७० कोटी डॉलरचे झाले. चौकशीत आढळले, की संगणकीय विश्लेषणात काही भिंतींसाठी घेतलेली तुकड्यांची जाळी ओबडधोबड होती आणि त्यामुळे कातर-बल ४७ टक्क्यांनी कमी मोजले गेले. नंतर काळजीपूर्वक केलेल्या गणनेने पाया ६२ मीटर खोलीवर फुटेल असे दाखवले. प्रत्यक्षात तो ६५ मीटरवर फुटला. उणीव यंत्राच्या शक्तीत नव्हती, ती पडताळणीत होती.

यंत्राचाही दोष असू शकतो. १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरमध्ये भागाकाराची त्रुटी आढळली. ती अमेरिकेतील एका गणिताच्या प्राध्यापकाच्या लक्षात आली, कारण त्यांनी वेगवेगळ्या यंत्रांवरील उत्तरे ताडून पाहिली होती. त्या त्रुटीपोटी कंपनीने ४७.५ कोटी डॉलरची तरतूद केली.

म्हणून नव्या यंत्राची निवड करताना पूर्ण झालेली व तपासलेली तीन जुनी कामे बाजूला काढावीत : एक लहान, एक मध्यम, एक सर्वांत मोठे. विक्रेत्याने देऊ केलेल्या नमुना यंत्रावर ती चालवावीत आणि वेळेबरोबर उत्तरही नोंदवावे. येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. संगणकातील बेरीज कोणत्या क्रमाने झाली, यावर तिचे शेवटचे अंक बदलतात. कोअरची संख्या बदलली की क्रमही बदलतो. त्यामुळे अखेरच्या अंकापर्यंत उत्तर जुळावे असा हट्ट व्यर्थ आहे. किती फरक चालेल हे मात्र चाचणीपूर्वीच लिहून ठेवावे, उत्तर पाहिल्यावर नव्हे.

याच्या जोडीला हाताने करता येईल असे एक उदाहरण असावे. ३ मीटर व्यासाच्या, ७५ मिलिमीटर जाडीच्या नळकांडी पात्रात ५ मेगापास्कल दाब असेल, तर दाब गुणिले व्यास भागिले दुप्पट जाडी या सूत्राने परिघावरील ताण १०० मेगापास्कल येतो. हे सूत्र पातळ भिंतीसाठीचे, म्हणून अंदाजाचे आहे. पण यंत्राने येथे २०० किंवा ५० असे उत्तर दिले, तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

खारी हवा, उष्णता आणि वीज

हजिऱ्यासारख्या किनारी पट्ट्यात आणि अर्थातच गोव्यात, हवेतील क्षार व दमटपणा हे विद्युत मंडलांचे शत्रू आहेत. कारखान्याच्या आवारात त्यांत घासकामाची धातुमिश्रित धूळ मिसळते. यंत्र जितके शक्तिमान, तितके त्याचे पंखे अधिक हवा ओढतात आणि तितका गाळ आत साचतो. इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या खोलीतील हवेसाठी आयएसए ७१.०४ हे मानक असून, त्यातील जी१ हा सर्वांत सौम्य वर्ग होय. तांब्याची व चांदीची पट्टी महिनाभर खोलीत ठेवून हवेचा वर्ग ठरवता येतो. लाखो रुपयांच्या खरेदीपुढे ही चाचणी किरकोळ खर्चाची आहे.

उष्णतेचा हिशेबही टाळू नये. पूर्ण भाराखाली १ किलोवॅट वीज घेणारे यंत्र तितकीच उष्णता खोलीत सोडते. एक टन क्षमतेचे वातानुकूलन सुमारे ३.५ किलोवॅट उष्णता काढते. म्हणजे अशा तीन-चार यंत्रांमागे एक टन. असे यंत्र दिवसाला १२ तास आणि वर्षाला ३०० दिवस पूर्ण भाराने चालले, तर केवळ त्याचा वापर ३,६०० युनिट होतो. वातानुकूलनाची वीज वेगळी.

यावर एक उपाय म्हणजे यंत्रे एका बंदिस्त, शीत खोलीत ठेवून अभियंत्याच्या टेबलावर केवळ पडद्यावरील चित्र जाळ्याद्वारे पोहोचवणे. यात धूळ, आवाज आणि उष्णता यांपासून सुटका होते, आराखडेही कचेरीबाहेर जात नाहीत. मात्र जाळे मंद असेल, तर माऊस हलवणे आणि चित्र फिरणे यांत अंतर पडते आणि आरेखन कंटाळवाणे होते. वीज जाऊन अठराव्या तासाला गणना तुटू नये यासाठी पुरेशा क्षमतेचे यूपीएस हवे आणि सॉफ्टवेअरमध्ये ठरावीक अंतराने टप्पा साठवण्याची सोय सुरू ठेवलेली हवी.

मागणीपत्र आणि निरोप

केंद्र सरकारच्या संस्थांना खरेदी सर्वसाधारणपणे जेम संकेतस्थळावरून आणि २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांनुसार करावी लागते. गरजेपुरतीच वैशिष्ट्ये मागावीत, अनावश्यक बाबी घालू नयेत, असे हे नियम सांगतात. ‘सर्वांत नवा प्रोसेसर, उच्च दर्जाचे कार्ड’ अशा ढोबळ शब्दांत मागणी लिहिली, की कमीत कमी किमतीच्या स्पर्धेत शब्दांत बसणारे पण कामाला न पुरणारे यंत्र पदरी पडते. त्याऐवजी ‘सोबतचे काम अमुक वेळेत व अमुक फरकाच्या आत पूर्ण झाले पाहिजे’ ही अट घातली, तर ती कोणत्याही एका कंपनीला झुकते माप देत नाही आणि स्वीकृतीच्या दिवशी तपासताही येते. पाच वर्षांची, जागेवर येऊन दुरुस्ती करण्याची हमी आणि विघडलेली डिस्क संस्थेकडेच ठेवण्याची मुभा, या दोन बाबी किमतीत आधीच धराव्यात.

जुने यंत्र लगेच निरोपाला काढू नये. किमान एक पूर्ण काम दोन्ही यंत्रांवर समांतर चालवून पाहावे. त्यानंतर आराखडे, त्यांची खुल्या स्वरूपातील प्रत, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि गणनेच्या नोंदी तीन प्रतींत साठवाव्यात. त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या इमारतीत असावी. डिस्क नीट पुसून वा नष्ट करून मगच यंत्र नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे द्यावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांमुळे ते भंगारवाल्याच्या गाडीत टाकता येत नाही.

हजिऱ्याच्या गोदीतून निघालेले पात्र एकदा प्रकल्पात बसले, की ते घडवणारी माणसे निवृत्त होतात, यंत्रे मोडीत निघतात. तीस वर्षांनी त्याच्या एखाद्या जोडावर भेग दिसली, तर तेथील अभियंत्याला जुनी गणना उघडावी लागेल. ती उघडली आणि तेच उत्तर आले, तरच मधल्या काळात झालेली प्रत्येक वर्कस्टेशनची निवड योग्य होती असे म्हणता येईल.